सोसवेल इतकं

उजवा हात मागे जाईना, तेव्हा मी पाकीट डाव्या खिशात ठेवायला लागलो. हे दुखणं आहे असं कबूल करायला मात्र आणखी दोन महिने घेतले. तोवर शर्टाची उजवी बाही आधी चढवायची, पाठीवर तांब्या डाव्या हाताने ओतायचा, उजव्या कुशीवर वळायचं नाही, अशी सगळी सोय लावून झाली होती. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी ३४ वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. मशीन आवाज करायला लागलं की प्रॉडक्शनवाले आम्हाला न सांगता स्पीड कमी करून शिफ्ट काढून न्यायचे, आणि आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो. स्वतःच्या खांद्याच्या बाबतीत मीही प्रॉडक्शनवालाच निघालो.

शेवटी एका सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून कुंडी कलंडली. ती धरायला हात झटक्यात पुढे गेला आणि अशी कळ आली की मी तिथेच खाली बसलो. कुंडी फुटलीच. बायको कुंडीकडे न बघता माझ्याकडे बघत होती, म्हणजे चेहरा चांगलाच उतरला असणार.

हाडांच्या डॉक्टरांनी हात इकडेतिकडे फिरवून बघितला, एक्स-रे काढला, तो साफ निघाला, आणि म्हणाले, फ्रोजन शोल्डर. गोठलेला खांदा. मला हसू आलं. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला ते पेपरात छापून येतं. गोठणं म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवू नये. माझा खांदा तर आतून जळत होता. पण हे नाव १९३४ सालापासून चालत आलंय. बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने ते दिलं, आणि हे दुखणं नेमकं सांगायलाही अवघड, बरं करायलाही अवघड, असंही त्यानेच लिहून ठेवलं. सांध्याभोवती एक पिशवी असते. ती सुजते, मग जाड होते, आक्रसते. आधी दुखतं, मग जाम होतं, मग हळूहळू सुटतं. त्याला कधी वर्ष लागतं, कधी दोन, कधी तीनही. चाळिशी ते साठीत हे जास्त होतं आणि शुगरवाल्यांना तर फारच, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर शुगरची तपासणीही लिहिली. निघाली. गावची जमीन धाकट्याने सांभाळली, आईची शुगर माझ्या वाट्याला आली.

फिजिओथेरपीचं सेंटर आमच्या सिडकोतच, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. रेक्झीनच्या तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे, दाराच्या चौकटीला दोरी आणि पुली, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी. फिजिओ मॅडम जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या. म्हसरूळला १९९८ साली निघालेल्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी भिंतीवर फ्रेम करून लावलेली. त्या मला काका म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या स्टीलच्या टाकीवर होतं. झाकणाच्या फटीतून वाफ येत होती. थर्मोस्टॅट कुठल्या बाजूला असेल, मी शोधत होतो.

त्या टाकीत गरम पाण्यात कॅनव्हासच्या चपट्या पिशव्या बुडवून ठेवलेल्या असतात. गोधडीला घालतो तशा उभ्या शिवणी, आणि आत वाळूसारखं काहीतरी, जे पाणी पिऊन फुगतं आणि ऊष्णता धरून ठेवतं. पाणी ७० ते ७५ अंशांवर. चिमट्याने पिशवी काढायची, टॉवेलच्या सहा ते आठ घड्यांत गुंडाळायची आणि मग अंगावर ठेवायची. कामगाराच्या नजरेला पटण्यासारखी गोष्ट. पण मॅडमनी पिशवी काढलीच नाही. आधी दोन काचेच्या परीक्षानळ्या आणल्या, एकीत गरम पाणी आणि एकीत गार.

“डोळे मिटा काका. आता मी टेकवते ते गरम की गार ते सांगायचं.”

खांद्यावर सांगितलं. सगळं बरोबर आलं. मग त्यांनी केसपेपर पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “शुगर आहे ना? पायही बघूया.” खांदा दुखतोय आणि ही पोरगी पायाला नळ्या लावतेय, असं वाटून मी जरा वैतागलोच. मोजा काढला. गार. गरम. गरम. गार. अंगठ्याच्या टोकाला, टाचेला, तळव्याच्या मधोमध. सगळं कळत होतं. तरी शेवटच्या दोन उत्तरांना माझा आवाज नीट निघेना, आणि त्यांनी विचारलं, “दुखलं का काही?”

दुखलं नव्हतं. आई आठवली होती.

आई गावाहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा सत्तरी ओलांडलेली. शेकाच्या बाबतीत ती स्वतःच एक दवाखाना होती. कंबर धरली की तव्यावर मीठ भाजून त्याची पुरचुंडी. पोराचं पोट दुखलं की ओव्याची. गुडघ्याला रुईचं पान, तेल लावून तव्यावर वाफवलेलं. वीट तापवून फडक्यात गुंडाळायची ती पाठीला. माझ्या बायकोच्या दोन्ही बाळंतपणांत बाजेखाली शेगडी ठेवून शेक दिला होता तो तिनेच. आणि या सगळ्याचं एकच माप तिच्याकडे होतं: सोसवेल इतकं. किती गरम, असं विचारलं की “सोसवेल इतकं.” किती वेळ, तर “सोसवेल तोवर.” नातवंडांच्या आंघोळीच्या वेळी कढत पाण्यात विसण घालताना ती हाताने पाणी बघायची नाही, कोपर बुडवायची. एकदा मी हात घालून म्हटलं, बरोबर आहे की. तर म्हणाली, “तळहाताला काय कळतंय, तो कामाचा. कोपराला विचार.”

त्या वर्षी कार्तिकात मी तिला पहाटे गंगेवर नेलं होतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडाच्या पायरीवर माझे पाय पाण्यात ठरेनात, आणि आई घोट्याच्या वरपर्यंत निवांत उभी. “यंदा गंगा गार लागतच नाही रे,” म्हणाली. शेजारच्या बाई हात जोडून म्हणाल्या, “आजी, पुण्याई आहे तुमची.” मलाही तसंच वाटलं. घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलं.

जानेवारीत थंडी वाढली. एका रात्री आई म्हणाली, पाय गार पडलेत, पिशवी दे. मी रबरी पिशवीत पाणी भरलं, टॉवेलचा एक वेढा दिला, माझा तळहात दाबून बघितला. ठीक वाटलं. तिच्या पायाशी ठेवली आणि विचारलं, “सोसवेल ना?” “काहीच नाही लागत रे. आणखी गरम चाललं असतं.” मी दिवा मालवून झोपलो. सकाळी तिच्या उजव्या टाचेला पुरीएवढा फोड होता. तिला तोही आम्ही दाखवला तेव्हा कळला.

पाच महिने रोज ड्रेसिंग. शुगरची जखम, भरता भरेना. ती एकदाही मला बोलली नाही. पण मी मापं घेणारा माणूस, रात्र रात्र हिशेब करत बसायचो. माझा तळहात ३० वर्षं पाने, ग्रीस आणि गरम चिपा झेलून चामड्यासारखा झालेला. तिचा तळपाय शुगरने मुका झालेला. एक गेज उतरून वाचत होतं, दुसरं वाचतच नव्हतं, आणि दोन्हींचं रीडिंग जुळलं म्हणून मी ओके मारून मोकळा झालो. कोपर कोणी बुडवलंच नाही.

रामकुंडावरची गोष्ट तर मला पुष्कळ नंतर उमगली. ती पुण्याई नव्हती. गेज तेव्हाच बंद पडलं होतं आणि आम्ही नमस्कार करत होतो.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं नाही. “पायाला समजतंय ना सगळं?” एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, उत्तम आहे, दर सहा महिन्यांनी तपासत राहा. मग पिशवी आली. ओला, जड, आत मुरत जाणारा शेक. पाच मिनिटांनी त्यांनी टॉवेलचा कोपरा उचलून कातडी बघितली. सगळीकडे सारखी गुलाबी दिसली तर चालू ठेवायचं. लाल-पांढरे चट्टे दिसले तर ताबडतोब काढायचं. वीस मिनिटांत मी पेंगायला लागलो होतो. तेवढ्यात पिशवी गेली आणि आवाज आला, “चला काका, उठा. थंड व्हायच्या आत हात वर.”

हेच वाक्य मी हेल्परना किती वेळा ऐकवलं असेल! नट जाम झाला की गॅसच्या ज्योतीने नट तापवायचा, बोल्ट नाही. नट फुगतो, जरा सैल होतो, आणि तो गरम आहे तोवरच पाना लावायचा. बेअरिंग शाफ्टवर चढवायचं तर ते तेलात शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत तापवून एका दमात सरकवायचं. मध्ये कोणी फोन घेतला की बेअरिंग अर्ध्यात बसलं म्हणून समजा, मग ते कापूनच काढावं लागतं. मी हे सगळं मोठ्या उत्साहाने मॅडमना समजावलं. आपल्याला फिजिओथेरपी कळली, असा माझा आविर्भाव.

त्यांनी ऐकून घेतलं, हात वर नेत राहिल्या, आणि म्हणाल्या, “काका, तुमचा नट इथे लागू नाही.”

का नाही, तर या पिशवीची ऊब कातडीखाली साधारण एक सेंटीमीटर जाते. माझ्या सांध्याची ती आक्रसलेली पिशवी त्याच्या बरीच खाली, वर खांद्याचा जाड स्नायू. तिथवर ऊब पोचली तर नावापुरती. मग बरं का वाटतं? वरचे स्नायू महिनोन्‌महिने धाकाने आवळून बसलेले असतात, ते सैलावतात. आणि दुखण्याचा निरोप मणक्यातून वर जाताना वाटेत एक फाटक आहे म्हणे. ऊब, स्पर्श, चोळणं यांचे निरोप आले की ते फाटक दुखण्यासाठी थोडं लोटलं जातं. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. आपण आपटल्यावर आधी चोळतो ते का, याचं उत्तर मला साठीजवळ मिळालं. म्हणजे नट तापून फुगत नाही, पहारेकरी पेंगतात. पेंग दहा-पंधरा मिनिटांची. तेवढ्यात काय ते करून घ्यायचं. कारण वेगळं निघालं, पण घाई तीच.

आणि करून घ्यायचं म्हणजे ओरडायचं. त्या पहिल्या दिवशी माझा हात पुढून वर ८५ अंशांपर्यंत गेला. गोनिओमीटर नावाच्या प्लास्टिकच्या कोनमापकाने त्यांनी तो मोजला. पाच अंश इकडेतिकडे होतात म्हणाल्या. आमच्या टूलरूममध्ये बेव्हल प्रोट्रॅक्टर पाच मिनिटांपर्यंत वाचायचा, आणि मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. पण मी गप्प राहिलो. हात त्यांच्या ताब्यात होता.

तिथे येणाऱ्यांत एक निवृत्त साहेब होते. दोन वर्षं येत होते. मानेखाली गरम पिशवी घेऊन पेपर वाचायचे आणि व्यायामाची वेळ झाली की मोबाइल वाजायचा. बहुतेकांना “मशीन” हवं असतं. “आज करंट नाही का लावत?” हा प्रश्न मी रोज ऐकायचो. कोपऱ्यात चादर पांघरलेलं एक मोठं डायथर्मी मशीनही होतं, मला अर्थातच त्याचं कुतूहल. २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी, खोलवर ऊब नेणाऱ्या. पण अंगात धातूची पट्टी, पेसमेकर असेल तर जवळही फिरकायचं नाही, घड्याळसुद्धा काढून ठेवायचं. मॅडम ते क्वचितच वापरायच्या. आपल्या लोकांना दुसऱ्याने आपल्यावर काहीतरी करून बरं करावं असं वाटतं, आणि यात मी स्वतःला वगळत नाही. घरी सांगितलेला टॉवेलचा व्यायाम मी पहिले दहा दिवस केला नाही आणि केला म्हणून सांगितलं. गोनिओमीटरने पकडलं.

पलीकडच्या खाटेवर एक ताई मनगटाचं प्लास्टर काढून आल्या होत्या. त्यांचा हात मेणात बुडवायचे. सहा-सात भाग मेण, एक भाग पातळ पॅराफिन, तपमान ५२ अंशांच्या आसपास. हात बुडवायचा, काढायचा, थर पांढरा पडला की पुन्हा बुडवायचा, असं सात-आठ वेळा. मग प्लास्टिक आणि टॉवेल. वीस मिनिटांनी अख्खा हातमोजा सोलून निघतो, बोटांच्या रेषांसकट. ५२ अंशांच्या पाण्यात त्यांना हात धरवला नसता. मेणाला ऊष्णता पुढे ढकलायची घाई नसते, ते ती सावकाश सोडतं. आकडा तोच, पण पाणी पोळतं आणि मेण नाही. आईच्या “सोसवेल”ला थर्मामीटरने उत्तर देता येत नाही ते यामुळेच. ताईंनी एकदा तो मेणाचा हात नातवाला दाखवायला घरी मागितला. मॅडम म्हणाल्या, नाही हो, ते परत वितळवायचं असतं.

रात्री झोप नसायची. या दुखण्याला रात्रीचं काय वैर आहे देव जाणे. मोबाइलवर वाचत पडायचो. तिथे मला एलिझाबेथ केनी भेटली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या रानातली नर्स, रीतसर शिक्षण नाही. १९११ साली तिच्यापुढे पोलिओची मुलं आली. हे काय दुखणं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिने लोकरीच्या ब्लँकेटच्या पट्ट्या फाडल्या, उकळत्या पाण्यातून काढून पिळल्या आणि आखडलेल्या पायांना गुंडाळल्या. पुढे मोठमोठे डॉक्टर अशा मुलांचे पाय महिनोन्‌महिने पट्ट्या-प्लास्टरमध्ये बांधून ठेवत होते. ही बाई म्हणत राहिली, बांधू नका, शेका आणि हलवायला शिकवा. १९४० साली ती अमेरिकेत गेली आणि मिनियापोलिसला ऐकणारे लोक भेटले. तिची स्नायूंबद्दलची उपपत्ती सगळी बरोबर नव्हती, स्वभावही भांडकुदळ होता म्हणतात. पण शेकून झाल्यावर ती मुलांना झोपू देत नव्हती. “चला काका, उठा,” तेच.

पंचवटीतला माझा एक वैद्य मित्र हे ऐकून हसला. म्हणाला, आमच्याकडे चरकाने अग्नीच्या साहाय्याने घाम काढायचे १३ प्रकार सांगितलेत, आणि अग्नीशिवायचे आणखी १०. त्या दहांत व्यायाम आहे, ऊन आहे, जाड पांघरूण आहे, भूक आहे, आणि भय आणि क्रोधही आहेत. मी त्याला म्हटलं, मग आमच्या शॉपफ्लोअरवर पंचकर्मच चालायचं.

डिसेंबरात पुतण्याचा घोटा मुरगळला. गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, क्रिकेट खेळताना. घरी आला तो पाय टम्म. गावाहून वहिनीचा फोन, आंबेहळद उगाळून गरम लेप घाला. मी शहाणपणा करून मॅडमना विचारलं. “आज शेक अजिबात नको काका. आत बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात, ऊब दिली तर आणखी वाहतील. बर्फ, ओल्या कापडातून, पंधरा मिनिटं.” फ्रीझरमधला जेलपॅक काढला तर म्हणाल्या, त्यापेक्षा साधा बर्फ बरा. वितळणारा बर्फ शून्य अंशाच्या खाली जात नाही आणि वितळताना दर ग्रॅमला ८० कॅलरी ओढून घेतो. जेलपॅक मात्र शून्याच्या बराच खाली असू शकतो, त्याने कातडी जळते. गाराने पोळणं! पुतण्याला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिल्यांदा गारठा, मग जळजळ, मग ठणका, मग बधिर. तो पायऱ्या मोजत बसला आणि चौथी आली तेव्हा “आली काका” म्हणून ओरडला.

पण बर्फाचीही आता पूर्वीइतकी चलती राहिलेली नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ साली मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दिलं, आणि जगभरचे खेळाडू त्यावर वाढले. २०१४ साली त्याच डॉक्टरांनी लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबत असावं. सूज म्हणजे दुरुस्तीला आलेली माणसं, त्यांना दारातच अडवून कसं चालेल. दुखणं कमी करायला थोडा बर्फ चालेल, एवढंच. स्वतःच्याच ड्रॉइंगवर लाल शेरा मारणारा इंजिनिअर मी ३४ वर्षांत दोनदाच पाहिला. मला या डॉक्टरांबद्दल आदर वाटला. चौथ्या दिवशी सूज उतरायला लागल्यावर वहिनीचा लेप लागला, आणि तिचाही मान राहिला.

त्याच महिन्याच्या शेवटी थंडीची लाट आली. धाकट्याचा फोन, दादा, द्राक्षाच्या बागेत माणसं कमी आहेत. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपासून जपलेला माल, मण्यांत पाणी भरत आलेलं. अशा थंडीत मणी तडकतात. मी गेलो. एका हाताचा माणूस काय कामाचा, पण शेकोट्यांवर लक्ष ठेवायला चालतो. रात्री तीनला बांधाबांधावर शेकोट्या पेटवल्या, धुराचा थर बागेवर धरला, आणि धाकट्याने मोटर सुरू केली. विहिरीचं पाणी सरीत आलं तेव्हा मी त्यात हात घातला. कोमट! हवा चार-पाच अंशांवर, आणि जमिनीच्या पोटातलं पाणी तिच्यापेक्षा कितीतरी ऊबदार, त्यावरून वाफ निघत होती. गार होता होता ते आपल्याजवळची ऊब मुळाशी सोडत जातं. “द्राक्षाला शेक देतोय,” धाकटा म्हणाला. मी दचकलो. हात काढला आणि पुन्हा घातला, कोपरापर्यंत. अंधार होता, कोणी बघितलं नाही.

मार्चपर्यंत हात १३० अंशांवर आला आणि तिथेच अडकला. मॅडम म्हणाल्या, पोहता येतं का? आता पाण्यात करा. औषधी तलाव ३३ ते ३५ अंशांचा हवा, तसा आपल्याकडे कुठला. पण एप्रिलच्या उन्हात महापालिकेचा त्र्यंबक रोडवरचा तलाव सोसवेल इतका होतो. हा शब्द मॅडमनी वापरला, मी नाही.

पाण्यात कमरेपर्यंत उभं राहिलं तर पायांवर निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं तर तिसरा हिस्सा, गळ्यापर्यंत तर दहावा. बायको तिच्या गुडघ्यांसाठी बायकांच्या बॅचला यायला लागली आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, “आत कोणाचे गुडघे होते कळलंच नाही.” बाहेर पायरी चढताना मात्र तिचेच होते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळे घोट्याला सर्वांत जास्त, वर कमी. सुजलेल्या पायावर अंगचं बँडेजच. आणि पाणी माणूस ओळखतं. हात हळू फिरवला तर लोण्यातून, घाई केली तर चिखलातून. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. तिथे जोर दाखवून चालत नाही, जे मला जन्मभर करायची सवय.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गुडघे वाकवून गळ्यापर्यंत खाली बसलो. पोरं बाजूला सूर मारत होती. मी उजवा हात सैल सोडून दिला, करायचं काहीच नाही असं ठरवून. आणि तो आपला आपण वर आला. बाजूने, सावकाश, पृष्ठभागापर्यंत. सात महिन्यांत पहिल्यांदा तो हात मी न नेता, मॅडमनी न नेता, कळ न येता वर आला होता. माणसाचा एक हात साडेतीन-चार किलोंचा असतो. तेवढं वजन आपण दिवसभर खांद्याला टांगून हिंडतो, आणि त्याची दखल घेत नाही. मी हात खाली दाबला, सोडला. परत वर. पोरांना वाटलं असेल, काका खेळतायत. खेळतच होतो.

बाहेर आल्यावर ते चार किलो परत लागले.

जूनमध्ये मॅडमनी शेवटचं मोजलं, १६०. “उरलेल्या वीसने काही अडतं का?” मी म्हटलं, माळ्यावरचा बंब. म्हणाल्या, स्टूल घ्या.

त्या रविवारी बायकोला घेऊन मिसळ खायला गेलो. काळा रस्सा, वर पापड, शेजारच्या टेबलावर जिलेबी, तिच्याकडे बघायचं नाही असा घरातला हुकूम. पहिल्या घासाला कपाळावर घाम आला. मॅडमनी एकदा सांगितलं होतं, सुमारे ४३ अंशांच्या वर गेलं की कातडीत जे दार उघडतं, तेच दार मिरचीनेही उघडतं. ते दार शोधणाऱ्याला २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे मेंदूला पोळतंय की तिखट लागतंय हे नीटसं सांगता येत नाही. आपण गरम बाम चोळतो तिथेही हीच फसवाफसवी. बायकोला हे सांगायला लागलो, तर ती म्हणाली, आधी पाणी प्या.

बिल देऊन बाहेर आलो. रस्ता ओलांडताना ती एकदम थांबली.

“पाकीट कुठल्या खिशातून काढलंत?”

मी चाचपून बघितलं. डाव्या खिशात नुसता रुमाल होता.